शेरघाटीचा दगड

इ. स. १८६५ च्या ऑगस्टची २५ तारीख. बिहारमधील गया जिल्ह्यांत शेरघाटी गांवाजवळ सकाळीं नऊच्या सुमारास आकाशांतून एक दगड पडला. वजन सुमारें पांच किलोग्रॅम. जुन्या मापानें साडेपांच शेरांच्या आंतच. शेतांत मागाहून सांपडलेल्या दगडाचें रूप ऊनपावसानें पालटलेलें असतें. हा तर पडतांना पाहिलेला, म्हणून त्याचें मोल अधिक.

आकाशांतून येणाऱ्या दगडांना अशनि म्हणतात. त्यांत कांहीं लोखंडाचे, थोडे मिश्र, आणि बहुसंख्य दगडी. दगडी अशनींपैकीं बहुतेकांत मोहरीएवढे गोल कण दिसतात. सूर्यमालेच्या जन्मकाळचे हे थिजलेले थेंब. ते शाबूत असले कीं तो दगड पुढें कधीं पूर्णपणें वितळला नाहीं, असें खुशाल समजावें.

शेरघाटीच्या दगडांत असा एकहि कण नव्हता. व्हिएन्नाचे चेर्माक यांनीं १८७२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत पायरोक्सीन हें खनिज भरपूर; फेल्डस्पारच्या जागीं मात्र कांचेसारखा पदार्थ. बाहेरील आकार स्फटिकाचा, आंतील रचना नाहींशी! ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिन यांच्या नांवावरून त्यांनीं त्यास मॅस्केलिनाइट म्हटलें. जबर आघातानें फेल्डस्पारची अशी कांच होते, हें पुढें विसाव्या शतकांत कळलें. इंग्रजी लेखणीनें शेरघाटीचें ‘शेरगोटी’ केलेलें, म्हणून या जातीस शेरगोटाइट हें नांव पडलें.

हा थिजलेल्या लाव्हारसाचा खडक. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा दूरचा भाऊबंदच म्हणावा. पण ज्वालामुखी कोठला? बहुतेक अशनि हे लघुग्रहांचे तुकडे, वय सुमारें ४५० कोटी वर्षें. याचें वय बहुतेकांच्या गणितानें वीस कोटींच्या आंत भरलें. इतक्या अलीकडे लाव्हा ओकण्याइतकी धग चिमुकल्या लघुग्रहांत कोठून उरणार? मोठा ग्रहच हवा. संशय मंगळावर गेला. पण संशयावरून निवाडा होत नसतो.

१९७६ सालीं व्हायकिंग यानांनीं मंगळावर उतरून तेथील हवेचें पृथक्करण केलें. १९७९-८० च्या मोसमांत अंटार्क्टिकाच्या बर्फावर याच जातीचा दुसरा दगड मिळाला. त्याच्या कांचेंत कोंडलेला वायु बोगार्ड व जॉन्सन यांनीं तपासला आणि १९८३ सालीं निष्कर्ष मांडला: वायूंचें प्रमाण मंगळाच्या हवेशीं जुळतें. शेरघाटीचा दगड त्याचा सगोत्र; तेव्हां त्याचेंहि मूळ तेंच ठरलें.

वयाचा तंटा मात्र अद्याप पुरता मिटलेला नाहीं. शिशाच्या समस्थानिकांवरून हिशेब करणारे कांहीं शास्त्रज्ञ तें ४०० कोटींच्या वर नेतात.