कॉपीराइटवर हरकत आली? आधी गिट उघडा!

घाटकोपरहून बोलतोय, मध्येच मेट्रोचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय: कॉपीराइटच्या अर्जावर कुणी हरकत घेतली तर काय करायचं? माझीच गोष्ट सांगतो.

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारं ॲप मी बनवलं. कायद्यात सॉफ्टवेअर साहित्यकृतीत मोडतं, म्हणजे थेट कथा-कादंबरीच्या रांगेत! 500 रुपये फी, सोर्स कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पानं, ऑनलाइन अर्ज. डायरी नंबर मिळाला. मग 30 दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का ते बघायला. म्हटलं, माझ्या ॲपवर कोण हरकत घेणार?

कॉलेजच्या मित्राने घेतली. म्हणे, अर्धा कोड त्याचा!

डोकंच फिरलं. रात्री चार पानी उत्तर लिहिलं, हॉस्टेलची उधारीपण काढली त्यात. सकाळी वाचलं आणि डिलीट केलं. रजिस्ट्रारला आमच्या भांडणाशी काय घेणं? त्यांचा प्रश्न एकच: कोड कुणी लिहिला?

गिटची हिस्टरी उघडली. अर्धा नाही, पण पावती बनवणारा भाग खरंच त्याचा होता. आणि फॉर्मवर लेखक म्हणून मी एकट्याचंच नाव टाकलेलं!

त्याला फोन केला, खाऊगल्लीत भेटलो. त्याला पैसे नको होते, नाव हवं होतं. त्याच्या भागाचे हक्क द्यायला तो तयार झाला. पण इथे तोंडी चालत नाही. लेखी करार लागतो, त्यावर सही लागते. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही दोन्ही लिहिलं.

माझं उत्तर मग एका पानात झालं. कुठला भाग कुणी, कुठल्या तारखेला लिहिला. सोबत कमिट लॉग, कराराची प्रत आणि लेखकांत त्याचं नाव घालायची विनंती. पत्रातली मुदत संपायच्या आत पाठवलं.

आता कुणी म्हणेल, नोंदणी अडकली तर हक्क गेला का? नाही. 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने संजय सोया प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. मग नोंदणी करायची कशाला? कारण रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. म्हणूनच ती खरी असायला हवी.

माझं सर्टिफिकेट अजून यायचंय. तोवर तुम्ही एक करा: तुमच्या प्रोजेक्टला कुणाकुणाचे हात लागलेत, ते आज रात्रीच लिहून काढा.

भेटू पुढच्या भागात!