एकट्या मुलाचं पथ्य नको



मी आहारतज्ज्ञ आहे. दहा-बारा वर्षांची मुलं 'फॅटी लिव्हर'चा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. सोबत आलेल्या अम्मीचा प्रश्न ठरलेला असतो : "आमच्या घरात दारू कुणी शिवत नाही. मग याचं लिव्हर कसं बिघडलं?"

दारूशिवायही यकृतात चरबी साठते. वाढलेलं वजन, बसून राहणं आणि वरची साखर ही त्याची मोठी कारणं. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज. तो मुख्यतः यकृतातच वापरला जातो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. मुलाला बहुधा काही दुखत नाही, म्हणून घरात कळत नाही. पण काही मुलांच्या यकृताला पुढे सूज येते, व्रण पडतात.

पालक गोळी मागतात. मुलांच्या या आजारावर खास मान्यता मिळालेली गोळी नाही. पहिला उपचार आहार आणि खेळ हाच.

2019 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा आजार असलेले 11 ते 16 वर्षांचे 40 मुलगे होते. एका गटाची वरची साखर जवळजवळ बंद केली. 8 आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. नेहमीचं खाणाऱ्या गटात ती 21 वरून फक्त 20 झाली. आणि महत्त्वाचं म्हणजे, जेवण एकट्या मुलाचं नाही, सगळ्या घराचं बदललं होतं.

आपल्याकडे उलटं होतं. दस्तरखानावर सगळ्यांना बिर्याणी आणि कोल्ड्रिंक, त्याला एकट्याला काकडी. वर "ए जाड्या" आहेच. मग तो कोपऱ्यावरच्या दुकानात गुपचूप पितो.

ती बाटली घरी बहुतेकदा तुम्ही, मोठी भावंडं आणता. आणू नका. इफ्तारला गोड सरबताऐवजी ताक किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी ठेवा. फळांचा रस नको, फळ चावून खा. चहासोबत खारी-नानखटाईऐवजी भाजलेले चणे घ्या. गोश्त बंद करायची गरज नाही. तर्री काढा, भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा. मुलाला उपाशी ठेवू नका. रोज तासभर त्याच्याबरोबर खेळा.

पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत तुम्हीही या. फ्रिजमध्ये काय असतं, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे.