दगडाचें गांव

सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत हल्लीं एक नवी शोभा दिसूं लागली आहे. पूर्वीं जेथें चिनी मातीची फुलदाणी असे, तेथें आतां शुभ्र स्फटिकांचा झुपका, झिलई दिलेली अकीकाची चकती किंवा अश्मीभूत झालेला एखादा शंख मांडलेला असतो. यजमानांस “हें कोठलें?” असें विचारलें, तर “पुण्याच्या दुकानांतलें,” एवढेंच उत्तर मिळतें. दुकानाचा पत्ता ठाऊक असतो. दगडाचें गांव ठाऊक नसतें. आज मला बोलावयाचें आहे तें या गांवाविषयीं.

दगड घरांत मानानें ठेवण्याची चाल आपल्याला परकी नाहीं. ज्यांच्या देवघरांत पंचायतन आहे, त्यांनीं तें डोळसपणें पाहावें. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शंकराचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा, देवीचा सुवर्णमुखीचा, आणि सूर्याचा स्फटिक. पांचांपैकीं चार दगड आपापल्या नदीच्या नांवानें ओळखले जातात. शाळिग्रामाच्या मुखांतून जें चक्र दिसतें, तें अमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचें असतें; हिमालय उभा राहण्यापूर्वीं तेथें समुद्र होता, याची ती साक्ष होय. आपल्या पूर्वजांस भूगर्भशास्त्र अवगत नव्हतें. परंतु दगडाबरोबर त्याचें ठिकाण जपावें, एवढें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

आतां आपल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांकडे वळूं. यांचा पाया काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर या भूमीवर पसरले. प्रत्येक थर थिजतांना त्यांतील वायूचे बुडबुडे अडकून राहिले व त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढें झिरपणाऱ्या उष्ण पाण्यानें कातळांतील द्रव्यें या पोकळ्यांत आणून सोडलीं, आणि त्या अंधारांत स्फटिक सावकाश वाढले. त्यांपैकीं अनेकांस झिओलाइट असें कुलनाम आहे. तापविलें असतां यांतील पाणी उकळून बाहेर पडतें, हें पाहून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ मध्यें हें नांव दिलें. त्याचा अर्थच ‘उकळणारा दगड’ असा आहे. स्टिल्बाइटचे स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे बांधलेले, तर स्कोलेसाइटचे सुयांच्या जुडग्यासारखे दिसतात. त्यांच्या सोबतीस आरशासारख्या बाजूंचा अपोफिलाइटही येतो. पुण्याजवळील वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर साऱ्या जगांत नांवाजलेला आहे.

अश्मीभूत अवशेषांची गोष्ट मात्र निराळी. ते मुख्यतः गाळाच्या खडकांत राहतात. तप्त लाव्हांत प्राणी वा पान टिकत नाहीं. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठीं रासाटी येथें १५२२ मीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. तेथें सुमारे ९३३ मीटर लाव्हाचे थर संपतांच खालीं ग्रॅनाइट लागला. मध्यें गाळाचा थर नाहीं. म्हणून कोणी “हें साताऱ्याच्या कातळांतलें अश्मीभूत नेचाचें पान” असें सांगूं लागला, तर सावध व्हावें. दगडाच्या चिरेंत मँगॅनीजची काळी नक्षी पसरते, ती हुबेहूब पानासारखी दिसते. दुकानांतील पुष्कळसे अमोनाइट मादागास्कर व मोरोक्को येथून येतात, आणि त्यांत ओतून घडविलेली नक्कलही मिसळलेली असते. आपल्या राज्यांत गडचिरोली जिल्ह्यांतील सिरोंचाजवळ वडधम येथें अश्मीभूत वृक्ष आहेत. परंतु ते जेथें आहेत तेथेंच राहिले पाहिजेत. थरांतून उपटलेला अवशेष म्हणजे पोथींतून फाडलेलें पान होय.

मग घरासाठीं नमुना आणावा कोठून? माण, खटाव, आटपाडी व जत या अवर्षणाच्या तालुक्यांत विहिरी कातळ फोडून खोल न्याव्या लागतात. मी शाळेंत असतांना मुलें विहिरीच्या ढिगाऱ्यांतील चकाकणारे खडे खिशांत घालून वर्गांत आणीत. आम्ही ते खिडकींत ओळीनें मांडीत असूं. सुरुंगानें निघालेला तो दगड एरव्हीं बांधावर जातो किंवा यंत्रांत भरडून त्याची खडी होते. खाणीचीही हीच कथा आहे. कोट्यवधि वर्षें कातळांत राहिलेली वस्तु एका क्षणांत रस्त्याखालीं जाते. तेव्हां शेतकऱ्याची किंवा खाणमालकाची परवानगी घेऊन, आणि ज्या मजुरानें ती हातानें वेगळी काढली त्यास योग्य मोल देऊन ती घ्यावी. डोंगराचे कडे मात्र फोडूं नयेत. वनांतील दगड व खनिजें हींही १९२७ च्या वन कायद्याप्रमाणें वनोपज होत. कोयना व सागरेश्वर या अभयारण्यांतून खडाही उचलूं नये.

विकत घेणारांनीं थोडी परीक्षा शिकावी. भडक निळ्या वा गुलाबी अकीकाच्या चकत्या बहुधा रंगविलेल्या असतात. गारगोटी कांचेवर ओरखडा उठविते. स्टिल्बाइटवर चाकूचाच ओरखडा उठतो. कॅल्साइटवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर तो फसफसतो. परंतु हा प्रयोग मागच्या अंगासच करावा. झिओलाइटास आम्लानें किंवा उकळत्या पाण्यानें धुऊं नये. मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. जांभळा स्फटिक उन्हांत फिका पडतो, म्हणून तो खिडकीपासून दूर ठेवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें काम एका पैशाचेंही नाहीं. दगडाच्या तळाशीं एक चिठ्ठी चिकटवावी: गांव, तालुका, विहीर कीं खाण, किती खोलीवर, कोणत्या वर्षीं. १८३१ मध्यें ब्रुक या इंग्रज शास्त्रज्ञानें पुण्याकडील एका दगडास पुण्याच्याच नांवावरून ‘पूनालाइट’ असें नांव दिलें. पुढें तो पूर्वींच ठाऊक असलेला मेसोलाइट ठरला व तें नांव मागें पडलें. शास्त्राची नांवें अशीं बदलतात. दगडाचें ठिकाण बदलत नाहीं, आणि त्याच्याच आधारें मागाहून येणारा अभ्यासक पहिल्याची चूक सुधारूं शकतो.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत आपल्या कातळांतील हें वैभव मांडलेलें आहे. मुलांना घेऊन तें एकदां अवश्य पाहावें. मात्र प्रत्येक गांवासाठीं संग्रहालय निघणार नाहीं. विहिरी तर रोज खोल जात आहेत आणि खडीचीं यंत्रें रोज चालू आहेत. त्यांतून वांचलेला एक तुकडा आपल्या फळीवर आला, तर त्याचें गांव आपणच लिहून ठेविलें पाहिजे. तीं दोन ओळींची चिठ्ठी नसेल, तर तो केवळ एक चकाकणारा दगड आहे. ती असेल, तर आपल्या भूमीच्या इतिहासाचें तें एक पान आहे.