दहा मिनिटांनी बंद पडणारं मशीन

आम्ही बदलापूरजवळच्या गावातल्या बचत गटाच्या बाया. आमच्या गटाचं एक ग्रासकटर आहे, पेट्रोलवर चालणारं, खांद्याला अडकवायचं. बांधावरचं गवत त्यानेच काढतो, पातं बदलून भातही कापतो, बाकीचे दिवस भाड्याने देतो. त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता जातो.

ऐन कापणीत त्याने दगा दिला. सकाळी दोन ओढीत सुरू व्हायचं, दहा-पंधरा मिनिटं झकास चालायचं, मग आवाज बसत बसत बंद. अर्धा तास ठेवलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, तरी तेच. उल्हासनगरला एका दुकानात नेलं, तिथे दोन मिनिटं चालवून बघितलं तर शहाण्या पोरासारखं चाललं! मग अंबरनाथला एकाने सांगितलं, पिस्टन गेला, तीन हजार लागतील. आमचे दोन हप्ते!

पण पिस्टन झिजला तर दोरी ओढताना हाताला दाब लागत नाही, हलकी येते. आमची दोरी तर चांगली कडक होती. म्हणून आम्ही पैसे काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं तेव्हा पेट्रोल संपलं की काय, म्हणून एका वहिनीने ते थोडं थंड झाल्यावर टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ असा आवाज आला. झाकण लावून दोरी ओढली, तर लगेच सुरू.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडखळत येतं? दुसरं भोक पाडावंच लागतं. टाकीचंही तसंच. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी आमच्या मशीनच्या झाकणात बारीक वाट असते. काही मशीनना वेगळी नळी असते. तेल आणि धूळ बसून ती बुजली होती. अर्ध्या तासात हवा हळूहळू झिरपायची, म्हणून मशीन परत चालायचं. झाकण पेट्रोलने धुऊन वाळवलं. तार खुपसू नका, आतलं रबर फाटतं. आणि झाकण सैल ठेवून तर मुळीच चालवू नका, पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडेल.

झाकण उघडूनही सुरू झालं नाही तर? तेव्हा गरम असतानाच प्लगची ठिणगी तपासून घ्यायची. थंड असताना ठिणगी येते आणि गरम झाल्यावर येत नाही, तर कॉईलवर संशय घ्यावा. हे काम मात्र मेकॅनिकच्या हातून करा, पेट्रोलजवळ ठिणगीचा खेळ नको.

पेट्रोलचंही सांगायला हवं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर ठेवलेलं पेट्रोल थोडं काचेच्या बाटलीत स्थिर ठेवून पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकीत घालू नका.

आता आमच्या भाड्याच्या वहीत एक नवा रकाना आहे: किती वेळाने बंद पडलं, गरम होतं की थंड, झाकण उघडल्यावर काय झालं. मेकॅनिककडे जाताना वही सोबत नेतो.