मेंदूतला करंट मोजायचा, तर आधी शांतता हवी

मी बोलतोय उरणजवळच्या मोरा बंदरातून. आजचा प्रश्न असा, की डोक्याला हात न लावता मेंदूतला करंट मोजता येतो का?

फोनमधलं कंपास ॲप उघडा. त्यातला सेन्सर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाचतो, साधारण ४० मायक्रोटेस्ला. मेंदूतल्या हजारो पेशींमधून एकदम करंट वाहिला, की डोक्याबाहेरही चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पण ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ४० कोटी पटींनी लहान! फोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे कामाला येतो 'स्क्विड'. अतिवाहक धातूचं, बहुतेकदा नायोबियमचं, एक छोटं कडं. त्यात दोन जागी अगदी पातळ अडसर ठेवतात. इलेक्ट्रॉनच्या जोड्या त्या अडसरातूनही पार होतात, हे ब्रायन जोसेफसननं १९६२ मध्ये गणितानं सांगितलं होतं. कड्यातलं चुंबकीय क्षेत्र जरासं हललं, की व्होल्टेज बदलतो. तो मोजायचा. त्यासाठी कडं द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवावं लागतं.

पण एवढा तिखट कान असला, की त्याला सगळंच ऐकू येतं. लिफ्ट, लोकल, रस्त्यावरचा ट्रक. ही डोकेदुखी आपल्या भागाला जुनीच. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा. आमच्याकडून करंजा-रेवस लाँचनं खाडी ओलांडली, की पुढे तेच अलिबाग. वेधशाळा आजही चालू आहे.

पेशंटला असं गावाबाहेर कसं नेणार? म्हणून चुंबकीय कवच असलेली खोलीच बांधतात. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रानं स्क्विडची अशी यंत्रणा उभारली आहे.

एवढा खटाटोप कशाला? काहींची फिट, म्हणजे आकडी, औषधानं थांबत नाही. ऑपरेशन करायचं तर ती मेंदूत नेमकी कुठून सुरू होते ते कळायला हवं. जागा चुकली तर माणसाचं बोलणं जाऊ शकतं. ईईजीचे विजेचे सिग्नल कवटीतून येताना पसरतात. चुंबकीय क्षेत्र जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र बघितल्या, की जागा शोधायला मदत होते.

घरात कुणाला असा त्रास असेल, तर न्यूरोलॉजिस्टना 'एमईजी'बद्दल जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात!