सेनावैद्य जॉन प्रिंगल
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



रणांगणी शस्त्राने पडणाऱ्यांपेक्षा छावणीत रोगाने मरणारे सैनिक अधिक, अशी स्थिती अठराव्या शतकात युरोपात होती. हे दैवच होय, असे ज्याने मानिले नाही, अशा एका वैद्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन प्रिंगल यांचा जन्म १७०७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. हॉलंडमधील लायडन येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढे एडिंबरा येथे नीतिशास्त्राचे अध्यापक झाले, व १७४२ साली फ्लँडर्समधील ब्रिटिश सैन्याच्या रुग्णालयावर रुजू झाले.

१७४३ च्या जूनमध्ये जर्मनीत डेटिंगेनची लढाई झाली. त्या रात्री विजयी सैन्य भर पावसात उघड्यावर निजले, आणि थोड्याच दिवसांत रक्तातिसाराने छावणी ग्रासली. एका पलटणीच्या काही तुकड्या मात्र लढाईनंतर येऊन मिळाल्या होत्या. त्या भिजल्या नव्हत्या, त्यांचा तळही किंचित दूर होता. त्या बराच काळ निरोगी राहिल्या. प्रिंगल यांनी ही गोष्ट नोंदून ठेविली. दाटीने भरलेल्या, कोंदट रुग्णालयातच ज्वर बळावतो, हेही त्यांनी निर्भयपणे लिहिले.

१७५२ साली सैन्यातील रोगांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तळ कोरड्या जागी असावा, शौचाचे खड्डे खोल खणून त्यांत रोज माती लोटावी, बिछान्याचे गवत बदलावे, रोगी हवेशीर जागी विरळ ठेवावे, असे त्यांचे साधे उपाय होते. दूषित हवा हेच रोगाचे मूळ, ही त्यांची समजूत पुढे अपुरी ठरली. छावण्यांतील व तुरुंगांतील त्या घातक ज्वराचा प्रसार उवांमुळे होतो, हे १९०९ साली शार्ल निकोल यांनी दाखविले. परंतु प्रिंगल यांचे उपाय उपयुक्तच ठरले.

त्यांचा खरा बोध याहून मोठा आहे. कोठे निजावे, काय प्यावे, हे सैनिकाच्या हाती नसते. तो हुकमाचा ताबेदार. म्हणून त्याचे आरोग्य औषधावर किंवा त्याच्या मर्जीवर न सोडता सेनापतीच्या हुकमाने राखावे, असे त्यांनी प्रतिपादिले. ज्याच्या हाती आज्ञा, त्याच्याच शिरी जबाबदारी!

आमचे आयुष्य शाळेत गेले. मुलेही आपल्या आज्ञेतच असतात. तेव्हा परगावी शिकावयास मूल ठेविताना खाणावळीच्या दराबरोबरच एका खोलीत किती मुले निजतात, खिडकी उघडते काय, पाणी व शौचकूप स्वच्छ आहेत काय, हे प्रत्येक पालकाने स्वतः जाऊन पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.