हौद्यात विजेचा सॉकेट हवा

मालवाहू गाडी घडवणाऱ्याने ती चालवणाऱ्याला आधी विचारावं, याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. २००५ साली टाटा एस बाजारात आली. गावोगाव तिला छोटा हत्ती म्हणतात. टाटांचे अभियंते गिरीश वाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आखण्याआधी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांना गाठून त्यांच्या अडचणी विचारल्या होत्या. पुढे जून २०१८मध्ये इलॉन मस्क यांनीही टेस्लाच्या येऊ घातलेल्या इलेक्ट्रिक पिकअपसाठी ट्विटरवर लोकांकडून सूचना मागवल्या. आता आपल्याकडे टन-दीड टन माल वाहणाऱ्या इलेक्ट्रिक पिकअपचे दिवस येत आहेत. तेव्हा शेतमाल वाहणाऱ्यांच्या वतीने काही मागण्या आज मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी म्हणजे हौद्यात विजेचा सॉकेट. २३० व्होल्टचा, घरातल्यासारखा.

२०२२मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक टाटा एसची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची होती. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. म्हणजे गाडीच्या पोटात एकवीस युनिट वीज असते. दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी तासभर चालवली तर दीड ते दोन युनिट लागतात. सकाळी माल बाजारात पोचवून गाडी परत आली, बॅटरीत आठ-दहा युनिट उरली, तर त्यावर कुट्टी होईल, दूध काढायचं मशीन चालेल, रात्री कांदा भरताना दिवे लागतील. शेतीपंपाची वीज कधी येते आणि कधी जाते, हे ज्यांनी टॉर्च हातात घेऊन बांधावर बसून पाहिलं आहे त्यांना या आठ युनिटांचं मोल मी सांगायला नको.

यात एक तांत्रिक मेख आहे. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून नुसता मोबाइल आणि लॅपटॉपपुरता सॉकेट देऊन भागणार नाही. मोटरचा तो पहिला झटका सोसणारा, निदान तीन किलोवॅटचा सॉकेट हवा. अमेरिकेत फोर्डने २०२१मध्ये जाहीर केलेल्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपला ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देण्याची सोय होती. आपल्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शातही पुष्कळ काम करता येईल.

संकटकाळात तर ही सोय जीव वाचवेल. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळाने वीज गेली, तेव्हा फोर्डच्या हायब्रिड पिकअप ज्यांच्या दारात होत्या त्यांनी त्यातून घरात वीज घेतली. आपल्या कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा गावात दोन-तीन जरी विजेच्या पिकअप असत्या आणि त्यांना सॉकेट असता, तर आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज चालू राहिला असता, फोन चार्ज झाले असते. मात्र गाडीची वीज थेट घराच्या वायरिंगमध्ये सोडायची तर महावितरणची लाइन आधी पूर्ण तुटेल असा चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर उलटी वीज खांबापर्यंत जाते आणि तिथे काम करणारा वायरमन जिवानिशी जातो. तो स्विच गाडीबरोबरच द्यावा, त्यात काटकसर करू नये.

आता घाटाकडे वळतो. आमच्या वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की जवळपास ६०० मीटर उंची वाढते. तीन टनांची भरलेली गाडी तेवढी वर न्यायची तर नुसत्या चढाईलाच सुमारे पाच युनिट लागतात, बाकीचं घर्षण वेगळं. पण स्ट्रॉबेरीवाल्याचं गणित उलटं आहे. त्याची गाडी भरलेली खाली उतरते आणि रिकामी वर चढते. इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटरनेच वेग आवरते आणि त्यातून बॅटरी चार्ज करते. भरल्या गाडीच्या उतारात त्या पाच युनिटांतली तीनच जरी परत मिळाली, तरी रिकाम्या गाडीच्या परतीच्या चढाईचा मोठा वाटा वसूल होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्याला ही गाडी जितकी मानवेल तितकी सपाटीवरच्याला कदाचित मानवणार नाही.

पण बॅटरी जर घरूनच काठोकाठ भरून निघाली, तर उतारावरची वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून कंपनीने एक बटण द्यावं, 'घाटमाथ्यावरून निघणार' असं. ते दाबलं की चार्जिंग ८५ टक्क्यांवर थांबलं पाहिजे. तसंच गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन मोजणारा सेन्सर बसवावा. हौद्यात माल किती, पुढे चढ किती, हे धरून पडद्याने अंतर सांगावं. कागदावर १५४ किलोमीटर लिहिलेली गाडी मालासह घाटात किती जाईल, हे चालकाला निघण्याआधी कळायला हवं. आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर तेही तिने स्पष्ट सांगावं.

हौद्याचं माप प्लॅस्टिकच्या क्रेटला जुळवून ठेवा, म्हणजे कडेला वीतभर जागा वाया जाणार नाही. फाळके तिन्ही बाजूंनी पडावेत. बटणं चिखलाच्या हातांनीही दाबता येतील अशी मोठी असावीत, आणि पडद्यावरची भाषा मराठी असावी.

बाकी थाटमाट नको. टेस्लाची सायबरट्रक २०१९मध्ये ३९,९०० डॉलरपासून मिळेल असं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ती गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली तेव्हा सर्वांत स्वस्त प्रकारालाही ६०,९९० डॉलर लावले होते. त्यापेक्षा अमेरिकेतल्याच स्लेट या कंपनीने २०२५मध्ये दाखवलेला रस्ता मला पटतो. दोन माणसांची साधी पिकअप, काचा हाताने फिरवायच्या, मोठा पडदा नाही. त्यांनी रेडिओही वगळला आहे. आपल्या गाडीत तेवढा मात्र ठेवावा. वाटेत बाजारभाव आणि हवामान कानावर पडलेलं बरं.

शेवटी चार्जिंग. ४० युनिटांची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला साधारण बारा तास लागतात, तेही पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर. आमच्याकडे संध्याकाळी दाब १८० वर येतो, मग तेच काम पंधरा तासांवर जातं. अशा वेळी चार्जर बंद पडू नये, हळू का होईना चालू राहावा. आणि बाजार समित्यांना विनंती आहे की लासलगावच्या कांद्याच्या किंवा नारायणगावच्या टोमॅटोच्या आवारात गाड्या लिलावासाठी तासन् तास थांबतात, त्या ओळीतच चार्जर बसवा. वाट पाहण्याच्या त्याच वेळात परतीच्या प्रवासाची सोय होऊन जाईल.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी बयाणा देण्याआधी विक्रेत्याकडे एक आग्रह जरूर धरावा. रिकाम्या गाडीची शहरातली फेरी पुरेशी मानू नका. आपला माल भरा, आपल्या घाटात न्या आणि खाली-वर करून बॅटरीचे आकडे वहीत लिहून घ्या.